मधाच्या गावी जायचं तर फुलाची तारीख धरा

२०२४ साली २६ जानेवारी शुक्रवारी आली होती. तीन दिवसांची सलग सुट्टी बघून आम्ही चौघं मुलुंडहून निघालो आणि महाबळेश्वरच्या पलीकडे, दरीतल्या एका वाडीवर पोचलो. पेट्या होत्या, माश्या होत्या, अंगणात चहाही झाला. मी विचारलं, “काका, मध काढताना बघायला मिळेल का?” काका म्हणाले, “आता कुठला मध? फुलं कुठायत? माश्यांनी त्यांच्यापुरता ठेवलाय, तो त्यांचा. तुम्ही जांभळाला या.”

“जांभळाला या” म्हणजे एप्रिलमध्ये या. तिथल्या मधपाळांच्या बोलण्यात तारखा अशाच येतात: जांभळाला, हिरड्याला, कारवीला. आपण मुंबईकर सुट्टी बघून प्रवास आखतो, आणि या एका प्रवासात ते चालत नाही. त्यानंतर मी एप्रिलमध्ये गेलो, ऑक्टोबरमध्ये गेलो, पुन्हा एप्रिलमध्ये गेलो. मधाच्या गावी जाण्याची इच्छा असेल तर काय करायचं आणि काय टाळायचं, ते या फेऱ्यांतून जसं उमगलं तसं लिहितो आहे.

कुठे जायचं

मुंबईहून जायला मला सगळ्यात योग्य वाटतो तो सातारा जिल्ह्यातला महाबळेश्वर, जावळी आणि कोयना खोऱ्याचा पट्टा. महाबळेश्वर तालुक्यातलं मांघर हे १६ मे २०२२ रोजी देशातलं पहिलं ‘मधाचं गाव’ म्हणून जाहीर झालं. महाराष्ट्र राज्य खादी व ग्रामोद्योग मंडळाची ती योजना. मंडळाचं मध संचालनालय महाबळेश्वरातच आहे, आणि इथे पेटीतलं मधमाशीपालन स्वातंत्र्याच्या आसपासच्या वर्षांपासून चालत आलेलं आहे. त्यामुळे इथल्या कित्येक घरांत आजोबांनी पेटी ठेवली, मुलाने ठेवली आणि आता नातू ठेवतो. पुढे कोल्हापूर जिल्ह्यातल्या भुदरगड तालुक्यातलं पाटगावही मधाचं गाव झालं. ते तितकंच सुंदर आहे, पण मुंबईहून दोन दिवसांत उरकण्यासारखं नाही.

मांघर महाबळेश्वरच्या बाजारापासून आठेक किलोमीटरवर आहे, म्हणून ‘दुर्गम’ शब्द ऐकून काही जण हसतील. पण बाजाराची रांग सोडून दरीत उतरलं की जंगल दाट होतं, मोबाइलची रेंज जाते, आणि पावसाळ्यात दरड आली तर वाडी दोन-दोन दिवस तुटलेली राहते. वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडणारा हा मुलूख आहे. कोयनेच्या पाण्याच्या बाजूला, तापोळा-बामणोलीच्या पलीकडच्या वाड्या तर याहून आत आहेत. कुणबी, कोळी, गवळी-धनगर अशी जंगलाला धरून राहिलेली माणसं इथे आहेत. नाचणीची शेती, दोन जनावरं, हिरडा गोळा करणं आणि मधाच्या पेट्या, असं त्यांचं वर्ष भरतं. महाबळेश्वर-पाचगणी परिसर २००१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे. जंगल टिकलंय म्हणून फूल आहे, आणि फूल आहे म्हणून मध आहे.

आधी माशी ओळखा, घरबसल्या

ही पायरी लोक गाळतात आणि मग गावात जाऊन चुकीचे प्रश्न विचारतात. मुंबईत राहून चार प्रकारच्या माश्या ओळखता येतात.

आपल्या टॉवरच्या सज्जाखाली, पाण्याच्या टाकीच्या कडेला जे मोठं, एकच एक, उघडं पोळं लोंबतं, ते आग्या मोहोळ. ही माशी आकाराने मोठी आणि तापट. ती पेटीत राहत नाही. गॅलरीतल्या कुंडीच्या फांदीवर तळहाताएवढं छोटं पोळं दिसलं तर ती फुलोरी. भिंतीच्या फटीतून मेण-डिंकाची बारीक नळी बाहेर आलेली असेल आणि त्यातून डासाएवढ्या काळ्या माश्या येत-जात असतील, तर ती डंख नसलेली पोया. आणि मीटरच्या खोक्यात, झाडाच्या ढोलीत, अंधारात एकाला एक समांतर अशी अनेक पोळी बांधून राहते ती सातेरी. जंगलातल्या मधपाळाच्या पेटीत असते ती ही सातेरी. अंधारात, अनेक पोळी करून राहण्याची तिची मूळ सवयच आहे, म्हणून ती लाकडी पेटीत रमते.

पाचवी मेलिफेरा. ती परदेशातून आणलेली, जास्त मध देणारी. राई, सूर्यफूल अशा पिकांच्या मागे ट्रकमधून तिच्या पेट्या हलवतात. सह्याद्रीच्या या पावसाळी जंगलातला मध मात्र मुख्यतः सातेरीचा. तिची एक वसाहत, म्हणजे एका पेटीतल्या राणीसह सगळ्या माश्या, वर्षाला साधारण पाच ते दहा किलो मध देते, वर्ष वाईट गेलं तर त्याहून कमी. हा आकडा डोक्यात ठेवा. वीस पेट्या असलेल्या घराकडे वर्षाला किती मध असेल याचा हिशेब तुम्हालाच करता येईल, आणि रस्त्याकडेच्या टपरीवर बारा महिने डबेच्या डबे ‘जंगलचा मध’ कुठून येतो असा प्रश्नही पडेल.

तारीख

या जंगलात माशीला दोन हंगाम मिळतात. मोठा हंगाम मार्चच्या उत्तरार्धापासून पाऊस येईपर्यंतचा. जांभूळ फुलतं, गेळा फुलतो, मागून हिरडा येतो. जांभळाच्या झाडाखाली उभं राहिलं तर वर सतत घुमणारा आवाज येतो आणि खाली पांढऱ्या केसरांचा सडा पडलेला असतो. एप्रिलचे मधले पंधरा दिवस ते मेचा पहिला आठवडा, हा मध काढताना बघायला सगळ्यात भरवशाचा काळ. तरी निसर्ग आहे, दर वर्षी आठ-दहा दिवस मागेपुढे होतंच.

सगळं बिघडवणारी एक गोष्ट म्हणजे वळीव. ऐन फुलोऱ्यात दोन दिवस वळवाचा पाऊस झाला की केसर गळतं, फुलातला रस धुऊन जातो, आणि त्या झाडाचा हंगाम तिथेच संपतो. माझ्या दुसऱ्या एप्रिलच्या फेरीत असंच झालं. ठरलेल्या दिवसाच्या तीन दिवस आधी वाडीवरून फोन आला, “येताय तर या, भाकरी आहे, मध नाही.” आम्ही गेलो. बघायला मध नव्हता, पण त्या घराची त्या आठवड्याची काळजी बघितली, आणि मधाच्या बाटलीवरची किंमत मला त्या दिवशी कळली.

दुसरा हंगाम पावसानंतरचा, साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरचा. तो त्या वर्षी जंगलात काय फुललंय यावर ठरतो. कारवी सात-आठ वर्षांनी एकदाच, पण डोंगरच्या डोंगर भरून फुलते. मुंबईकरांनी हे बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात २०१६ ला आणि पुन्हा २०२४ ला पाहिलं. प्रत्येक डोंगराचं कारवीचं वर्ष मात्र वेगळं असतं, तेव्हा मुंबईत फुलली म्हणून जावळीत फुलली असेल असं धरू नका. कारवीच्याच कुळातली व्हायटी थोड्या कमी वर्षांच्या अंतराने फुलते. ज्या वर्षी यांतलं काही फुलतं, त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये वाडीत वेगळीच लगबग असते.

जून ते सप्टेंबर जाऊ नका. माश्या पावसात पेटीतच बसून असतात, साठवलेल्या मधावर जगतात, आणि त्या दिवसांत पेटी उघडणं म्हणजे त्यांच्या जिवाशी खेळ.

तारीख पक्की करण्याची माझी पद्धत साधी आहे. मार्चमध्ये एक फोन: “जांभळाला कळी आली का?” एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात दुसरा: “पेटीत मध भरतोय का, काढणार कधी?” ते जो दिवस सांगतील तो धरायचा, आठवड्याच्या मधला असला तरी. एक दिवसाची रजा टाकावी लागेल, टाका.

गावची यात्राही विचारून घ्या. या भागातल्या बऱ्याच यात्रा याच दिवसांत येतात. तेव्हा मुंबईहून अख्खी भावकी गावी उतरलेली असते, घरात पाय ठेवायला जागा नसते, आणि तुमच्याकडे लक्ष देणं कुणालाच जमत नाही.

ओळख मुंबईतच काढा

महाबळेश्वर-जावळीच्या घराघरातला एक माणूस मुंबईत असतो. कुणी माथाडी कामगार म्हणून वाशीच्या बाजारात, कुणी मस्जिद बंदरला, कुणाचे आजोबा गिरणीत होते. जवळजवळ प्रत्येक गावाचं मुंबईत ग्रामस्थ मंडळ आहे, आणि त्यांची बैठक लालबागच्या एखाद्या खोलीत किंवा घणसोलीच्या एखाद्या घरात भरते. तुमच्या ऑफिसात, सोसायटीत, भाजीच्या गाळ्यावर विचारलंत तर दोन-चार दिवसांत त्या बाजूचा कुणी ना कुणी सापडतो. त्याच्या तोंडून “माझ्या चुलत्याकडे पेट्या आहेत” हे वाक्य आलं की तुमचं निम्मं काम झालं. असा दुवा नसेल तर महाबळेश्वरच्या मध संचालनालयात चौकशी करा, मधपाळांची माहिती तिथे मिळू शकते.

फोनवर बोलताना तीन गोष्टी स्पष्ट सांगा. किती जण येणार, मुक्काम करणार का, आणि राहण्या-जेवण्याचे व वेळेचे पैसे देणार. शेवटची गोष्ट तुम्हीच बोला, कारण समोरचा माणूस बोलणार नाही. पाहुण्याला पैसे सांगायला त्यांना अवघड वाटतं, आणि आपण ते ‘किती साधी माणसं’ म्हणून कौतुकाने घरी घेऊन येतो. मध काढण्याच्या दिवशी तुम्हाला समजावत बसणारा माणूस त्या वेळात चार पेट्या कमी करतो. त्याच्या त्या दिवसाचा मोबदला देणं आपलं काम आहे. चौघांपेक्षा जास्त जणांनी जाऊ नये. वीस जणांची सहल काढायची असेल तर दुसरं ठिकाण बघा.

घरात आजी-मावशींसाठी काही न्यावंसं वाटलं तर चहापावडर, साखर, मुलांसाठी वह्या असं वापरातलं न्या. जेवायला नाचणीची भाकरी, पिठलं, डोंगरातली एखादी पालेभाजी मिळेल. ‘आमच्यासाठी वेगळं करू नका’ एवढं एकदा सांगून ठेवा.

प्रवास

मुंबईहून महाबळेश्वर अंदाजे २६० किलोमीटर. एक वाट पुणे द्रुतगती मार्गाने, पुढे सातारा रस्त्यावरून सुरूर फाट्याला वळून वाई, पसरणी घाट, पाचगणी. दुसरी गोवा महामार्गाने पोलादपूर आणि तिथून आंबेनळी घाट चढून प्रतापगडाच्या पायथ्याने वर. दुसरी वाट जंगलातून जाते आणि मला तीच आवडते, पण २०२१ च्या जुलैत याच घाटात दरडी कोसळून रस्ता बंद पडला होता. पावसाळ्याच्या तोंडावर गेलात तर घाट सुरू आहे का ते विचारून मगच पोलादपूरला वळा. मुंबईतून महाबळेश्वरला थेट एसटी आहे. पुढे वाडीला जाणाऱ्या गाड्यांच्या फेऱ्या दिवसाला मोजक्याच असतात, त्या आदल्या दिवशी फोनवर विचारा. मुंबईहून पहाटे निघून त्याच दिवशी मध बघू असा बेत करू नका. आदल्या संध्याकाळी पोचा, कारण पेटीचं काम सकाळी लवकर सुरू होतं.

कपडे आणि डंख

फिक्या रंगाचे, सुती, पूर्ण बाह्यांचे कपडे घ्या. काळा, गडद निळा, लोकरीचं काही नको. पँटची खालची कडा मोज्यात खोचता आली पाहिजे. सकाळी अत्तर, सुवासिक तेल, डिओ लावू नका. मोकळे केस बांधून घ्या, कारण माशी केसांत अडकली की घाबरून डसते. चेहऱ्याची जाळी मधपाळाकडे असते, पण ती त्याची एकच असू शकते. मी तीन-चार जाळ्या घेऊन जातो आणि येताना त्यांच्याकडे ठेवून येतो.

माशी अंगावर बसली तर हलू नका, फुंकू नका, हाताने झटकू नका. डसलीच तर नांगी कातडीत राहते आणि तिला चिकटलेली विषाची पिशवी पिळत राहते. म्हणून वेळ न दवडता नखाने खरवडून काढा आणि पाण्याने धुऊन थंड काहीतरी लावा. चिरडलेल्या माशीचा आणि नांगीचा वास इतर माश्यांना चेतवतो, तेव्हा त्या जागेपासून दूर व्हा. डंखाच्या जागी सूज आणि आग होणं साधं आहे. ओठ किंवा चेहरा सुजणं, अंगभर गांध्या उठणं, श्वास अडकणं, चक्कर येणं हे साधं नाही. अशा वेळी घरगुती उपायांत एक मिनिटही घालवू नका, १०८ ला फोन करा आणि गाडी काढून रुग्णालयाकडे निघा. ज्यांना आधी कधी माशीच्या डंखाने असं झालंय त्यांनी पेटीजवळ येऊच नये. डॉक्टरांशी बोलून औषध सोबत घेऊन गावात यावं, अंगणात बसावं, मध चाखावा.

आग्या मोहोळ उठलं तर गोष्ट वेगळी. तेव्हा स्थिर उभं राहायचं नाही. तोंड-डोकं कापडाने झाकून सरळ पळा आणि घरात किंवा गाडीत शिरून दारं बंद करा. पाण्यात उडी मारू नका, त्या वर घिरट्या घालत थांबतात. ज्या कड्यावर आग्या लागलेलं आहे तिथे धूर, आरडाओरडा, दगड, ड्रोन यांतलं काहीही नको. ड्रोन तर वाडीत आणूच नका.

पेटीपाशी

ऊन थोडं वर आलं, कामकरी माश्या रानात गेल्या की मधपाळ पेटी उघडतो. तुम्ही पेटीच्या मागे किंवा बाजूला उभे राहा. पुढच्या दारासमोर कधीही नाही, ती त्यांची येण्याजाण्याची वाट असते.

पेटी चार पायांच्या घडवंचीवर असते आणि प्रत्येक पाय पाण्याच्या वाटीत ठेवलेला असतो. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा माश्यांना प्यायला पाणी ठेवलंय असं वाटलं होतं. ते मुंग्यांसाठी आहे. मधाच्या वासाने मुंग्या चढू नयेत म्हणून. आत दोन मजले असतात. खालचा मोठा कक्ष राणीचा आणि पिल्लांचा. वरचा लहान कक्ष मधाचा. दोन्हीत लाकडी चौकटी उभ्या लावलेल्या, आणि प्रत्येक चौकटीत माश्यांनी बांधलेलं एक पोळं. धुराचे एक-दोन हलके झोत दिले की माश्या शांत होतात. सातेरीला फार धूर लागत नाही आणि सोसतही नाही.

वरच्या कक्षातली चौकट उचलून काका उन्हाकडे धरतात. वरच्या बाजूला पांढऱ्या मेणाने बंद केलेली घरं दिसतात, खाली काही उघडी, चकाकणारी. मेणाने झाकलेला तो पिकलेला मध. फुलातून आणलेल्या रसात बहुतांश पाणीच असतं. माश्या तो एकमेकींच्या तोंडी देत, पंखांनी वारा घालत आटवतात, आणि पाणी पाचव्या हिश्श्याच्या खाली उतरलं की घरावर झाकण घालतात. चौकटीचा बराचसा भाग झाकला गेल्याशिवाय चांगला मधपाळ ती काढत नाही. उघड्या घरांचा मध घाईने काढला तर तो पातळ राहतो आणि पुढे आंबतो. आमच्यासमोर त्यांनी सात चौकटी उचलल्या आणि चार परत ठेवल्या. “अजून आठ दिवस,” एवढंच म्हणाले.

मग सुरीने झाकणं अलगद सोलायची, चौकटी मधयंत्रात बसवायच्या आणि हाताने दांडा फिरवायचा. मध भिंतीवर उडून खाली ओघळतो, तोटीतून गाळणीत येतो. पोळं तुटत नाही. रिकामी चौकट पुन्हा पेटीत जाते आणि माशी त्यातच परत भरायला लागते. मेण तयार करायला माशीला पुष्कळ मध खर्चावा लागतो, तो तिचा खर्च वाचतो. पोळं पिळून काढलेल्या मधात पराग, मेण, कधी पिल्लंही चेपली जातात आणि माशीचं घर जातं. खालच्या पिल्लांच्या कक्षाला जाणता मधपाळ मधासाठी हात लावत नाही.

इथे एक विनंती. एकदा पेटी बंद झाली की “आमच्या मित्राचा फोटो राहिला, परत उघडा ना” असं म्हणू नका. पिल्लांच्या जागेची ऊब माश्या ३५ अंशांच्या आसपास राखून असतात, प्रत्येक उघडझाप ती मोडते. सातेरी तशीही अस्थिर. फार छेडछाड झाली, खायला कमी पडलं, मेणकिडा लागला, तर अख्खी वसाहत पेटी सोडून निघून जाते, आणि सकाळी काकांना रिकामं खोकं सापडतं. सुट्टीच्या हंगामात येणाऱ्या प्रत्येक गाडीसाठी पेटी उघडून दाखवणाऱ्या एका घराच्या दोन वसाहती अशाच उठून गेल्याचं मला तिथे सांगितलं गेलं. लहान मुलं असतील तर त्यांना पेटीपासून दहा-पंधरा पावलांवर, सावलीत बसवा आणि चौकट त्यांच्यापर्यंत आणून दाखवायची का हे मधपाळाला ठरवू द्या.

विचारायचंच असेल तर हे विचारा: ही वसाहत कुठून धरली? राणी किती जुनी? या खोऱ्यात गेल्या दहा वर्षांत कुठलं झाड कमी झालं? शेवटच्या प्रश्नावर माणसं खूप बोलतात. सातेरी पेटीपासून साधारण किलोमीटर-दीड किलोमीटरच्या आतच हिंडते, त्यामुळे वाडीमागचं जांभळाचं बन तुटलं तर तिच्यासाठी जगच तुटतं.

कड्यावरचा मध

आग्या मोहोळाचा मध हा निराळा विषय. पालघर, रायगडमध्ये कातकरी, ठाकर, भीमाशंकरकडे महादेव कोळी, मेळघाटात कोरकू, अशी जंगलातली माणसं तो पिढ्यान्‌पिढ्या काढत आली आहेत. आग्याच्या पोळ्यात मध वरच्या टोकाला, फांदीलगतच्या जाड भागात असतो आणि पिल्लं खाली. तो मधाचाच भाग कापून पिल्लांचा भाग लटकत ठेवला तर माश्या तिथेच राहतात आणि पुन्हा मध भरतात. पोशाख आणि दोर वापरून असं काढणारे गट आता तयार झाले आहेत. जुनी पेटवून, जाळून काढण्याची रीतही अजून आहे.

२००६ च्या वनहक्क कायद्याने मध आणि मेण हे गौण वनोपज ठरवून त्यावरचा हक्क जंगलात राहणाऱ्यांना आणि त्यांच्या ग्रामसभेला दिला. तो हक्क त्यांचा आहे, पाहुण्यांचा नाही. अभयारण्यात किंवा व्याघ्र प्रकल्पात तुम्ही वनखात्याच्या परवानगीशिवाय शिरू शकत नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पैसे देऊन “आमच्यासाठी आत्ता एक पोळं काढून दाखवा” असं कुणालाही सांगू नका. गरजेपोटी माणूस कड्यावर चढेल. पडला तर आपण मुंबईला निघून आलेले असू.

मध घेताना

भाव तुम्ही पाडू नका. पाच-दहा किलोचं उत्पन्न आठवा. मध किलोवर विकतात, आणि मध पाण्यापेक्षा जड असतो: एक लिटरच्या बाटलीत साधारण १.४ किलो मध मावतो. म्हणून “लिटरला एवढेच?” असा हिशेब घालू नका, वजन करून घ्या. काचेच्या किंवा स्टीलच्या, कोरड्या, घट्ट झाकणाच्या बाटल्या घरून न्या. ओली बाटली म्हणजे आंबलेला मध. मंडळाचा ‘मधुबन’ नावाने विकला जाणारा मध आणि गावातल्या गटांच्या लेबल लावलेल्या बाटल्याही मिळतात. त्यांवर अन्नसुरक्षा परवान्याचा क्रमांक, काढल्याची आणि भरल्याची तारीख असते. घरून थेट घेतलात तर बाटलीवर स्वतः लिहा: कुठल्या फुलाचा, कुठल्या महिन्याचा.

जांभळाचा मध गडद, किंचित तुरट-कडवट असतो. हिरड्याचा वेगळा, कारवीचा वेगळा. दोन वर्षांचा जांभळाचा मधही सारखा लागत नाही. सगळीकडे एकसारखी चव मिळाली तर उलट शंका घ्या.

पाण्याच्या ग्लासात थेंब सोडून बघणं, काडी मधात बुडवून पेटवणं, अंगठ्याच्या नखावर थेंब ठेवणं, या घरगुती परीक्षांवर विसंबू नका. त्यांतून फार तर मध घट्ट आहे की पातळ एवढं कळतं. सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायरन्मेंटने डिसेंबर २०२० मध्ये दाखवून दिलं की साखरेच्या पाकाची काही भेसळ नेहमीच्या प्रयोगशाळेतल्या चाचण्यांतूनही निसटते. मग अंगठ्याचं काय घेऊन बसलात. सातेरीचा मध मुळातच जरा पातळ असतो, म्हणून तो या परीक्षांत नापासही होतो, आणि खरं बोलणारा मधपाळ खोटा ठरतो.

आणखी एक गैरसमज. पावसाळ्यात गेलेल्या एखाद्याने मधपाळाला पेटीत साखरेचा पाक ठेवताना बघितलेलं असतं, आणि तो शहरात येऊन सांगतो, “साखरेचाच मध असतो.” जंगलात काहीच फुललेलं नसतं आणि बाहेर धो-धो पाऊस असतो तेव्हा वसाहत उपाशी मरू नये म्हणून तो पाक असतो, आणि प्रामाणिक मधपाळ त्या काळात मध काढत नाही. विचारा, तो स्वतः सांगेल किती आणि कधी दिला.

घरी आल्यावर

मध फ्रिजमध्ये ठेवू नका. ओट्यावर, उन्हापासून दूर, कोरडा चमचा. थंडीत खाली दाणेदार झाला तर तो साखरेचा म्हणून फेकू नका, मधातला ग्लुकोज असाच बसतो. बाटली कोमट पाण्याच्या भांड्यात ठेवली की पुन्हा पातळ होतो, गॅसवर तापवू नका. बाटली उघडताना ‘फस्स’ आवाज आला, वर फेस दिसला, आंबूस वास आला, तर मध आंबू लागलाय. हे मधपाळालाही कळवा, त्याला पुढच्या चौकटी कधी काढायच्या ते कळतं.

एक वर्षाखालच्या बाळाला मध देऊ नका. आपल्याकडे गुटीत, जिभेवर मध चाटवण्याची रीत आहे आणि गावातली आजीसुद्धा प्रेमाने सांगेल. पण मधात क्वचित असणारे जिवाणूंचे बीजाणू इतक्या लहान बाळाच्या आतड्यात विष तयार करू शकतात. शुद्ध मधातही हा धोका असतो.

काढलेले फोटो छापून पोस्टाने पाठवा. रेंज नसलेल्या घरात व्हॉट्सअॅपवर पाठवलेला फोटो कुणी बघत नाही. माझ्याकडच्या काकांच्या ओटीवर मेणाची झाकणं सोलतानाचा त्यांचा फोटो आता भिंतीला आहे. मागच्या फेरीला गेलो तेव्हा त्यांनी तो दाखवला आणि विचारलं, “जाळ्या अजून दोन मिळतील का? पुतण्यानेही पेटी घेतलीय.” त्या जाळ्या मी घेऊन ठेवल्या आहेत. मार्चमध्ये कळीचा फोन झाला की निघायचं.